उपडं पातेलं

पहिल्या फोटोत माझी नात कांदा चिरत होती.

फोटो थोरल्याच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या फोनवर आला आणि कँटीनच्या खिडकीपासून मागच्या मोरीपर्यंत सगळ्यांच्या हातून फिरून शेवटी माझ्याकडे आला. आमचं कँटीन मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात आहे. नर्स, वॉर्डबॉय, पेशंटचे नातेवाईक, सगळी इथेच जेवतात, आणि फुकटात माझ्या घरच्या गोष्टींवर मतं देतात. एक्सरेवाला म्हणाला, "बघा आजी, तिकडेही पोरीने तुमचं नाव काढलं!"

फोटोत मागे तंबू होते, तंबूंच्या मागे नजर जाईल तिथवर पिवळं गवत, आणि पुढे माझी भिंगरी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. डोळ्यांत पाणी आणि हातात सुरी. मी फोन परत दिला. म्हटलं, "लावला असेल एखाद्या वेळी हात. रीत आहे आपली."

दुसऱ्या फोटोत ती तांदूळ निवडत होती. तिसऱ्यात तर तिचं तोंडच नव्हतं, नुसती वाफ. पण वाफेतून बाहेर आलेलं कोपर होतं ना, ते मी हजारात ओळखीन. मोठं पातेलं ढवळताना आमच्या घरच्या बायकांचं कोपर असंच बाहेर येतं.

तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

का गेली ते सांगते. माझ्या सासूच्या दोन्ही हातांवर तेलाचे डाग होते. माझ्या हातांवर आहेत. सूनबाईच्याही आहेत, आणि ती तर या घरात आली तेव्हा गोरीपान मनगटं घेऊन आली होती. भिंगरी जन्मली तेव्हाच मी ठरवलं की हिच्या हातांवर डाग नकोत. पोरगी शिकली. गवत आणि जनावरं असा काहीतरी विषय घेतला. मी म्हटलं घे, जनावरं तर जनावरं, माणसांना वाढण्यापेक्षा बरी. मग युनिव्हर्सिटीने मोजकी पोरं निवडली आणि परदेशात, त्या गवताच्या मुलखात, शिकायला पाठवली. तिथे झेब्रे, हत्ती, सिंह मोकळे फिरतात. आमच्या घरातून पहिल्यांदा कोणी विमानात बसलं. अख्खं हॉस्पिटल मला विचारत होतं, नात कुठे गेली? मी ताठ मानेने सांगत होते, जंगलातली विद्या शिकायला गेली.

आणि ही तिथे कांदा चिरतेय!

दुपारची गर्दी ओसरल्यावर मी थोरल्याला म्हटलं, "लाव फोन." तिकडे तेव्हा सकाळ असते. फोनमध्ये भिंगरी दिसली. कानाला हळदीच्या हाताचा डाग.

"आजी! कशी आहेस गं?"

"माझं राहू दे. तू काय करतेयस ते सांग."

"अगं, इथला स्वयंपाकी होता ना, त्याची आई आजारी पडली म्हणून तो गावी गेला. सगळे नुसती बिस्किटं खात होते. मी म्हटलं, भात तरी टाकते. तर सगळे इतके खूश झाले..."

"मग?"

"मग... नवा माणूस येईपर्यंत मीच बघतेय."

"कधी येणार तो?"

"येईल. आमच्यासोबत आलेल्या प्राध्यापकबाई म्हणाल्यात, शोधतोय."

शोधतोय! फुकटचा हात मिळालेला असताना कोण कशाला शोधेल? मी कँटीन चालवते. मला नका सांगू.

"आणि तुझा अभ्यास?"

इथे पोरगी जरा चाचरली. प्रत्येकाला जोडीने एक काम दिलं होतं. हिचा जोडीदार एक चष्मिष. दोघांना मिळून बघायचं होतं की गवतावर कोण आधी येतं, कोण मागून येतं. "आजी, ऐक ना, काय भारी आहे! झेब्रा आधी येतो, तो वरचं जाड, राठ खातो. मग ती दाढीवाली मोठी जनावरं येतात, ती पानं खातात. आणि शेवटी छोटी हरणं, त्यांना खालचे कोवळे कोंब लागतात. एकाने खाल्ल्याशिवाय दुसऱ्याला मिळतच नाही! आणि काही ठिकाणी चौकोनी तार लावलीय, आत कुठलंच जनावर जाऊ शकत नाही. तारेच्या आतलं गवत कापायचं, बाहेरचं कापायचं, वाळवायचं, वजन करायचं. शिवाय लेंड्या बघायच्या, कोण येऊन गेलं ते कळतं."

"लेंड्या बघायला विमानाने गेलीस?"

ती खळखळून हसली. मला बरं वाटलं. पण मी सोडणारी नव्हते. "आणि हे सगळं तू बघितलंस?"

"चष्मिष बघून येतो. पहाटे जीप निघते ना, तेव्हा मला नाश्त्याचं असतं. संध्याकाळच्या फेरीला रात्रीच्या जेवणाचं. तो सांगतो मला सगळं."

म्हणजे झेब्रा चष्मिषने बघायचा आणि माझ्या नातीने तो ऐकायचा. ऐकायचाच होता तर घरी बसून मी वॉर्डबॉयकडून ऐकवला असता.

फोन ठेवल्यावर थोरला म्हणाला, "आई, एवढं काय त्यात? परक्या मुलखात चार लोकांचं मन राखावं लागतं."

"तू राखतोस? पाण्याचा तांब्या तरी कधी हाताने घेतलास?"

तो खिडकीवर कुपनं घ्यायला निघून गेला. त्याला तिथेच बरं वाटतं.

सूनबाई डाळ धूत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत, आई. परक्या घरी गेलं की हात बांधून बसायचं नाही."

"परक्या घरी एक वेळ पदर खोचायला शिकवलं मी. चूल गळ्यात बांधून घ्यायला नाही शिकवलं."

"पोरीला फरक कसा कळायचा?"

सून फार कमी बोलते, पण बोलते तेव्हा असं बोलते. डाळीत खडा राहिलाय म्हणून मी तिला पुन्हा धुवायला लावली.

मी रात्रभर नाही, पण सकाळपर्यंत पुरेसा विचार केला. बायकांना कामातून सुटायचा एक रस्ता फार पूर्वीपासून माहीत आहे. काम बिघडवायचं. माझी धाकटी जाऊ अशीच आयुष्यभर सुटली. पहिल्या आठवड्यात तिने तीनदा दूध उतू घालवलं, पुन्हा कोणी तिला चुलीपाशी जाऊ दिलं नाही. आजही गुबगुबीत हात आहेत बाईचे.

मी भिंगरीला फोन लावला. "आज जेवणात मीठ घाल. मूठभर जास्त."

"काय?"

"खारट कर. घशाखाली उतरता कामा नये. उद्या तुला कोणी पातेल्याजवळ उभं करणार नाही. जीपमध्ये बसशील."

फोनमध्ये पोरगी डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. जशी काही मी तिला कोणाच्या ताटात विष कालवायला सांगत होते. "आजी! तू सांगतेयस हे? आपल्या हातचं?"

"मी सांगतेय."

आता हे मी सांगताना मला काय होत होतं, ते माझं मला ठाऊक. आमच्या कँटीनमधून इतक्या वर्षांत खारट वाटी बाहेर गेलेली नाही. सर्जन लोक ऑपरेशन संपवून आधी माझ्याकडे येतात, मग घरी फोन करतात. पण नातीसाठी मी तेही गिळलं.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. तोंड एवढंसं.

"घातलं?"

"घातलं."

"मग?"

"चव बघितली. मला राहवेना गं आजी. मग बटाटे टाकले. मीठ ओढून घेतलं त्यांनी."

"आणि?"

"सगळ्यांनी दोनदा घेतलं. म्हणाले, बटाट्यामुळे काय मजा आलीय."

मी कपाळावर हात मारला. सून पलीकडे पदरात तोंड घालून हसत होती. तिला वाटलं मला दिसत नाही.

तेवढ्यात फोनमध्ये मागून एक बाई आली. टोपी, गळ्यात दुर्बीण. हीच ती प्राध्यापकबाई. भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आजी, नमस्कार! तुमची नात म्हणजे हिरा आहे. फार छान संस्कार केलेत तुम्ही. आमच्या कॅम्पची सुगरण आहे ती!"

सुगरण. हा शब्द मला नवा नाही. सासऱ्यांनी मला सुगरण म्हटलं तेव्हा माझी शाळा सुटली ती सुटलीच. बाईला सुगरण म्हटलं की पुढे काहीच द्यावं लागत नाही. त्या एका शब्दावर तिने जन्मभर राबायचं.

मी म्हटलं, "बाई, मी तिला हरणं बघायला पाठवलंय."

"हो, हो, बघतेय ना ती! पण इथे सगळ्यांनी मिळून काम करायचं असतं, आजी. टीम असते."

"मग टीममधल्या चष्मिषला कांदा चिरता येत नाही का?"

"मुलांना सवय नाही हो."

"माझ्या नातीला सिंह बघायची तरी कुठे सवय होती? ती नाही का आली शिकायला?"

भिंगरी हळूच म्हणाली, "आजी, नको ना." मागे तंबूच्या दारात दोन-तीन पोरं येऊन उभी राहिली होती. त्यांच्या हातांत ताटल्या होत्या. माझ्या नातीने भरलेल्या.

मी विचारलं, "तिच्या परीक्षेचं काय? तिने काही बघितलंच नाही तर मार्क कसे मिळणार?"

बाईचं हसू जरा आखडलं. "प्रत्येकाने स्वतः केलेल्या निरीक्षणांवर गुण मिळतात. तो नियम आहे. ते मी बदलू शकत नाही."

"म्हणजे तुम्ही तिच्या हातचं खाणार, तिला जीपमध्ये घेणार नाही, आणि जीपमध्ये नव्हती म्हणून नापास करणार. बरोबर समजले ना मी? जास्त शिकलेली नाही, म्हणून विचारते."

एका पोराने फुस्सकन हसून ताटली दुसऱ्या हातात घेतली. बाई म्हणाली, "तुम्ही उगाच मनाला लावून घेताय," आणि तिला कोणीतरी बोलावलं म्हणून गेली. कोणी बोलावलं नव्हतं. मला ऐकू येतं.

भिंगरीचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं, आता म्हणेल आजी बरं केलंस.

"सगळ्यांसमोर, आजी! मी काय लहान आहे? आता ते म्हणणार, घरी चुगली केली. माझं मी बघेन. तू आता फोन करू नकोस."

आणि तिने फोन बंद केला. माझ्या तोंडावर.

त्यानंतर कँटीनमध्ये कोणाची टाप नव्हती माझ्याशी बोलायची. भाजीवाल्याला मी दुधी परत नेऊन स्वतःच्या आईला खाऊ घाल म्हणून सांगितलं. एक्सरेवाल्याने "काय म्हणते जंगलची विद्या?" असं विचारलं, तर त्याला मी त्याच्याच एक्सरेत काय दिसेल ते सांगितलं. कशाचा राग येत होता? बाईचा तर येतच होता. थोरल्याचाही, की बाप असून एक शब्द बोलला नाही. आणि सगळ्यात जास्त राग त्या ताटल्यांचा. धरलेल्या कशा होत्या पोरांनी, हात पुढे करून, वाढपी समोर असल्यासारख्या.

पोरगी आईशी बोलायची, माझ्याशी नाही. पुढचं मला सुनेकडून कळलं, आणि उरलेलं भिंगरी परत आल्यावर.

आमच्या कँटीनला "बंद" अशी पाटी नाही. कधीच नव्हती. सगळ्यात मोठं पातेलं घासून शेगडीवर उपडं घातलं की स्वयंपाकघर मिटलं. मग कोणी काही मागत नाही. एकदा मोठे डॉक्टर स्वतः आले होते, उपडं पातेलं बघितलं आणि गुपचूप चहाच्या टपरीकडे वळले. आमच्याकडे हे कोणाला सांगावं लागत नाही.

भिंगरीने तेच केलं. माझा फोन बंद केल्यावर संध्याकाळची भांडी आटोपली, पातेलं लख्ख घासलं आणि शेगडीवर उपडं घातलं. पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन जीपमध्ये बसली. गवत कापायची कात्री मांडीवर.

आणि वेडी पोरगी समजली की सगळ्यांना कळलं!

त्यांना काय कळणार? त्यांनी उपडं पातेलं बघितलं आणि म्हणाले, वा, घासून ठेवलंय. जीप निघाली. भिंगरीने त्या दिवशी पहिल्यांदा झेब्र्यांचा कळप डोळ्यांनी बघितला. दुपारी जीप परत आली, सगळे हात धुऊन जेवायच्या टेबलाशी बसले आणि तिच्याकडे बघू लागले. ती तंबूसमोर बसून कापलेलं गवत कागदाच्या पिशव्यांत भरत होती.

चष्मिष उठला, पातेलं सुलटं केलं आणि म्हणाला, "काय करतेयस आज?"

"गवत वाळत घालतेय."

"तसं नाही. जेवायला."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की इथे आपली पातेल्याची भाषा कोणाला येत नाही. मग तिने ती शब्दांत सांगितली. "पातेलं उपडं असलं की आमच्या घरी स्वयंपाकघर बंद असतं. काल संध्याकाळपासून बंद आहे. मी आता फक्त गवताचं काम करणार."

प्राध्यापकबाई म्हणाली, "अगं, असं अडून कसं चालेल? सगळे भुकेले आहेत."

"मी पण आहे," भिंगरी म्हणाली. आणि बिस्किटाचा पुडा फोडला. स्वतः दोन घेतली आणि पुडा मधे ठेवला.

सुनेने हे सांगितलं तेव्हा मी पोळपाटावर हात टेकून उभी राहिले. मीठ घाल, खारट कर, असले आडमार्ग मी तिला सांगत बसले होते. पोरीने समोरून सांगितलं. मी सासऱ्यांच्या समोर पातेलं उपडं घातलं असतं तर? असू दे.

पुढे तिकडे पाळ्या लागल्या. चष्मिषने भात केला. त्याला भात म्हणायचं की खीर, यावर त्यांच्यात वाद झाला म्हणे. बाईने एकदा अंडी उकडली, ती फुटली. पण कोणी मेलं नाही. आणि नवा स्वयंपाकी? तो अचानक सापडला! चार दिवसांत. इतके दिवस कुठे हरवला होता देव जाणे. भिंगरी रोज पहाटे जीपमध्ये, संध्याकाळी जीपमध्ये. तारेच्या आतलं गवत तिने कापलं, बाहेरचं कापलं. झेब्र्यांच्या मागून ती दाढीवाली जनावरं येताना बघितली. त्यांच्या मागून हरणं यायची वाट बघत ती तासन्‌तास बसली, आणि आली ती.

परत आल्यावर युनिव्हर्सिटीत कार्यक्रम झाला. प्रत्येकाने काय शिकलो ते सांगायचं, घरच्यांनाही बोलावलं होतं. मी इस्त्रीची साडी नेसले. थोरला आणि सून माझ्या दोन बाजूंना बसले, मी उठून काही बोलले तर धरायला. मला कळत होतं.

भिंगरीचा नंबर आला. प्राध्यापकबाईने माइक घेतला आणि गोड हसून म्हणाली, "आणि आता आमची सुगरण! हिच्या भातावर आम्ही जगलो. आजही तो भात आठवतो, काय?" हॉल हसला. लोक माना वळवून बघायला लागले. मी अर्धी उठले. दोन्हीकडून पदर ओढला गेला.

भिंगरी हसली नाही. हॉलचं हसणं संपेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "माझा विषय गवत आहे."

आणि सुरू झाली. पडद्यावर तारेचा चौकोन आला, आत गवत कमरेएवढं आणि तळाशी कुजलेलं, बाहेर बोटभर पण हिरवंगार. ती म्हणाली, ज्या गवताला कोणी तोंड लावलं नाही ते स्वतःच्याच सावलीत मरतं. कोण आधी, कोण मागून, सगळं सांगितलं. मधे एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने काहीतरी अवघड विचारलं. तिने सांगितलं, हे मी स्वतः बघितलंय, आणि हे सुरुवातीच्या दिवसांतलं जोडीदाराने बघितलंय, ते मी माझ्यात धरलेलं नाही. चष्मिष खाली बघत होता. म्हाताऱ्याने मान डोलावली. सून रडत होती. मी नाही. मी कशाला रडू, मला सगळं समजत होतं.

पोरगी पास झाली. नुसती पास नाही, अभ्यासात सगळ्यात वर. प्रमाणपत्र घरी आलं, मी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं. विषयाचं ज्ञान, उत्तम. प्रत्यक्ष निरीक्षण, उत्तम. आणि खाली, सहकार्य. त्यापुढे लिहिलं होतं, असमाधानकारक.

मी पुन्हा वाचलं. मग मोठ्याने वाचलं. "असमाधानकारक? त्या सगळ्या टोळीला जिने जेवू घातलं, तिचं सहकार्य असमाधानकारक? आणि जो ताटली पुढे करून उभा होता, त्याचं काय लिहिलंय?"

"चांगलं," भिंगरी म्हणाली.

"चल. आत्ता चल. मला त्या बाईच्या टेबलासमोर उभी कर. नंतर काय होईल ते माझ्यावर सोड."

"नाही, आजी."

"का नाही?"

"त्यांना विचारलं मी. म्हणाल्या, तू ग्रुपला अडचणीत टाकलंस. मी म्हटलं, हो, टाकलं." तिने माझ्या हातातून चष्मा काढून घेतला. "तो शेरा मी कमावलाय. तू जाऊन खोडायचा नाही."

थोरला म्हणाला, कपाटात ठेवून देऊ, कोण बघतंय. तेव्हा मात्र मी त्याचं ऐकलं नाही. बाईकडे गेले नाही, पोरीचं तेवढं ऐकलं. पण त्या कागदाला काच लावून घेतली आणि कँटीनच्या खिडकीवर, जिथे प्रत्येकाला रांगेत उभं राहावं लागतं, तिथे खिळा ठोकला.

परवा मोठे डॉक्टर आले. ताट यायची वाट बघताना त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. मग वाकून, हळू आवाजात, मला म्हणाले, "आजी, राग मानू नका. पण यात शेवटी असमाधानकारक लिहिलंय. असं कोणी बाहेर लावतं का?"

"लावतं. ती ओळ वाचता यावी म्हणून तर एवढं खाली टांगलंय," मी म्हटलं. "बाकीचं तर आमच्या घरात कोणीही करू शकलं असतं, शिकवलं असतं तर."

डॉक्टरांनी ताट घेतलं, टेबलाशी जाऊन बसले, जेवले. आणि जाताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आपलं ताट उचलून स्वतः मोरीवर नेऊन ठेवलं.